नाव लिहिण्याआधी विचारायचं

सोमवार, ६ जानेवारी

सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, खोलीत बोलावलं आणि आधी बसायला सांगितलं. त्या बसायला सांगतात तेव्हा समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार. पडलंच. आठवी ब ला दर गुरुवारी शेवटचा तास ‘मनाची तासिका’, दहा आठवडे. मुलांची मनं आधीच कणखर करायची, म्हणजे पुढे काही आदळलं तर ती कोलमडून पडत नाहीत.

मी म्हटलं, “बाई, मी गणित शिकवते. मन हा काही माझा विषय नाही.”

“गुरुवारी शेवटचा तास तुम्हालाच मोकळा आहे,” त्या म्हणाल्या.

म्हणजे माझी निवड गुणवत्तेवर झाली तर. तास मोकळा का आहे, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. यांना जाऊन आठ महिने झाले. तेव्हा मोठ्या बाईंनी न सांगता माझे तास कमी केले होते. मी मागितले नव्हते.

धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. “ताई, तू मुलांच्या मनात शिरणार? मुलं तुला लांबून बघून जिना बदलतात.” मार्गदर्शिका नावाचं एक जाडजूड पुस्तक दिलं आहे. रंगीत आहे. वाचेन.

गुरुवार, ९ जानेवारी

पहिला तास. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं होतं. मी डोळे मिटा म्हटलं आणि अर्धा वर्ग घोरायला लागला. मी फळ्यावर डस्टर आपटला. श्वासाचा तास डस्टर आपटून घ्यायचा नसतो, हे मलाही कळतं, पण हाताला सवय आहे.

एक चांगली गोष्ट. या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात, शिक्षकसुद्धा. सकाळी शाळेत पाऊल टाकल्यापासून हिची बडबड सुरू. माझ्या तासाला तिला गप्प करण्यात माझा निम्मा घसा गेला आहे. सुट्टीनंतर मात्र एकदम शहाणी झाली आहे. हाताची घडी, तोंडावर बोट. वह्यासुद्धा आखीवरेखीव. तेरावं वर्ष लागलं की मुलींना समज येते म्हणतात ते खरं असावं. देवाचे आभार मानले.

गुरुवार, १६ जानेवारी

आजचं काम मला आवडलं, कारण त्यात आकृती होती. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवायचा आणि प्रत्येक बोटावर एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं. अडचण आली तर आपण ज्याच्याकडे जाऊ, तो माणूस.

मी लगेच तपासले. एका बोटाला दोन गुण, एकूण दहा. रेडिओने सगळ्यांच्या आधी पाचही बोटं भरून कागद दिला, अक्षर सुवाच्य. दहापैकी दहा. तिचा पंजा मी सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवला. आमचा पहिला नंबर, जो पहिलीपासून पहिला येतो आणि ज्याला मुलंही त्याच नावाने हाक मारतात, तो मात्र दोन बोटांवर अडकला. चार गुण. आयुष्यात एवढे कमी गुण त्याने पाहिले नसावेत, ओठ काढून बसला होता. मी म्हटलं, इकडे पाठांतर चालत नाही.

तास संपला, म्हणून मार्गदर्शिकेचं पुढचं पान उलटायचं राहिलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

शुक्रवारी शाळेत समुपदेशक येते. पोरगी आहे, माझ्या भाचीपेक्षाही लहान. ही सगळी तासिका तिनेच आखून दिली आहे. तिने पंज्यांचा गठ्ठा चाळला.

“बाई, तुम्ही हातांना मार्क दिलेत?”

“मग तपासायचे कसे?”

तिने पुस्तकाचं पुढचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की नाव लिहिण्याआधी त्या माणसाकडे जाऊन विचारायचं, मी तुमचं नाव लिहू का? तो हो म्हणाला तरच बोट भरलं असं धरायचं. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला. ती म्हणाली, “मदत मागायची वेळ येते तेव्हा तोंड उघडत नाही बाई. म्हणून काही घडलेलं नसतानाच एकदा मागून बघायची. आणि समोरच्यालाही कळतं की कुणाची तरी आपल्यावर भिस्त आहे.”

रिकामं बोट म्हणजे चूक नाही, असंही म्हणाली. “उलट पाचही बोटं झटपट भरलेली दिसली की मीच जरा थांबते.” असं म्हणून रेडिओचा कागद तिने बाजूला काढून ठेवला. हुशार मुलांच्या वाटेला का जातात हे लोक, कळत नाही.

पुढच्या वेळी मला माझा स्वतःचा पंजा फळ्यावर काढायचा आहे. शिक्षकाने आधी करायचं, असा नियम आहे.

गुरुवार, २३ जानेवारी

आधी गुण परत घेतले, म्हणजे खोडले. वर्गात एकच जल्लोष. पहिला नंबर मात्र विचारत होता की मग आता त्याचे किती धरायचे.

फळ्यावर हात टेकवून पंजा गिरवला. अंगठ्यावर धाकटी बहीण, तिला रात्री फोनवर विचारून घेतलं होतं. पहिल्या बोटावर मोठ्या बाई. त्यांना मी सकाळी जाऊन विचारलं होतं, त्या चष्मा काढून म्हणाल्या, “लिहा की. विचारायचं काय त्यात.” मधल्या बोटावर मी यांचं नाव लिहिलं. हात आपोआप गेला.

पहिल्या नंबराने हात वर केला. “बाई, त्यांना विचारलंत का?”

शेजारच्याने त्याला कोपर मारलं. मी म्हटलं, “ते आता नाहीत. विचारता येणार नाही.”

“मग नियमाप्रमाणे...” तो म्हणाला आणि थांबला. बरोबरच होतं त्याचं. मी नाव पुसलं. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हळूच विचारलं, “बाई, तुम्हाला सगळ्यात जास्त एकटं कधी वाटतं?” हा प्रश्न मुलांनी एकमेकांना विचारायचा होता. पण मला तिच्याशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, मधल्या सुट्टीत. तेव्हा यांचा फोन यायचा, डबा खाल्लास का म्हणून.

बोलून गेले आणि जीभ चावली. आठवीच्या मुलांना हे सांगायची काय गरज होती. घरी येईपर्यंत पहिल्या नंबरावर चिडले होते. खरं सांगायचं तर तो राग त्याच्यावरचा नव्हता.

मंगळवार, २८ जानेवारी

मुलं लोकांना विचारत सुटली आहेत. शिपाईकाका मला जिन्यात अडवून म्हणाले, “बाई, निम्मा वर्ग येऊन विचारून गेला, तुमचं नाव लिहू का. मी सगळ्यांना हो म्हटलं. पण मला करायचं काय असतं?”

“ऐकून घ्यायचं,” मी म्हटलं.

“एवढंच ना? घरी तेच करतो.”

मला अजून कुणी विचारलेलं नाही. फक्त नोंद म्हणून लिहिते आहे, वाईट वगैरे वाटलेलं नाही. थोडं वाटलं.

मधल्या सुट्टीत पहिला नंबर शिक्षकखोलीत आला. अपूर्णांकांची बेरीज अडली म्हणे. हा मुलगा दहावीची गणितं सोडवतो. त्या चार गुणांचा धसका घेतला असणार बिचाऱ्याने. मी पहिल्यापासून समजावून सांगितलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आठवी ब चं गणित साफ बसलं आहे. रोज मधल्या सुट्टीत कुणीतरी एक जण वही घेऊन हजर, आणि प्रत्येकाचं एकच रडगाणं, अपूर्णांक. एकाच दिवशी दोघं आले तर दाराशी कुजबुजतात आणि एक जण परत जातो. बरं, येताना डबाही घेऊन येतात. खाताना शिकलेलं डोक्यात राहत नाही, असं मी सांगून पाहिलं. पण समोर बसून खातात आणि “बाई, तुम्ही पण घ्या ना” म्हणत राहतात, मग मलाही डबा उघडावा लागतो. आज रिकामा डबा घरी आणला. बऱ्याच दिवसांनी धुवायला सोपा गेला.

पुढच्या महिन्यात अपूर्णांकांचे जादा तास लावायला हवेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज प्रत्येकाने उठून सांगायचं होतं, कोणाला विचारलं आणि काय उत्तर मिळालं. एकीच्या मामाने आधी “पैसे वगैरे लागणार नाहीत ना” असं विचारून घेतलं होतं. वर्ग हसून लोटपोट. रेडिओची वेळ आली. ती उठली, “सगळे हो म्हणाले,” एवढं बोलली आणि बसली.

तिच्या करंगळीवर शिपाईकाकांचं नाव आहे. निघताना सहज त्यांना म्हटलं, ती पण आली होती ना विचारायला?

“नाही हो. तिच्या वर्गातले इतके आले, तीच नाही आली. मला वाटलं, बोलकी आहे, तीच पहिली येईल.”

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. मग तिच्या हातावरच्या इतर दोघांकडेही चौकशी केली. चित्रकलेच्या सरांना विचारलं नव्हतं. ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं नव्हतं. हातावरची उरलेली दोन नावं म्हणजे तिचे आईवडील.

महिनाभर ही मुलगी गप्प आहे. महिनाभर मी तिचं कौतुक करते आहे. तिने खोटा हात काढला आणि मी तो उंच धरून सगळ्यांना दाखवला.

समुपदेशकाला फोन केला. ती म्हणाली, उद्या येतेच आहे, तिला भेटते. “तुम्ही तिला कोपऱ्यात घेऊन प्रश्न विचारू नका बाई. पण रोज एकदा तरी नावाने हाक मारा. टोपणनावाने नाही, खऱ्या नावाने. आणि सापडाल अशा जागी बसा.”

भीती वाटते आहे. ही मुलगी माझ्या डोळ्यांदेखत हातातून निसटते आहे, आणि मला फक्त डस्टर आपटता येतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

शुक्रवारी समुपदेशकाला तिने हसून सांगितलं, मी ठीक आहे. आईला शाळेत बोलावणं गेलं आहे, ती कामामुळे येऊ शकलेली नाही. मी रोज नावाने हाक मारते. ती “हो बाई” म्हणते. मी शिक्षकखोलीत दाराजवळच्या टेबलाशी बसते आहे, मधली सुट्टी संपेपर्यंत हलत नाही. आजही कुणीतरी अपूर्णांक घेऊन आलं. माझं अर्धं लक्ष दाराकडे होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ती आली. मधल्या सुट्टीत, हातात वही. म्हणाली, “आज मी यायचं होतं.” मी म्हटलं, ये, बस.

वहीत अपूर्णांकाचं गणित होतं आणि ते तिने आधीच बरोबर सोडवलेलं होतं. मी तरीही त्याच्याकडे बघत बसले. तिने डबा आणला नव्हता. मी माझा पुढे सरकवला. तिने हात लावला नाही.

मग ती वहीकडे बघतच म्हणाली, “बाई, तुमचं नाव लिहू का?”

इतके दिवस मला वाटत होतं की कुणीतरी विचारावं. “लिही,” मी म्हटलं.

“मग आत्ताच सांगू?”

ती सांगत गेली, अगदी हळू आवाजात. मागच्या सत्राच्या शेवटी वडील घर सोडून दुसरीकडे राहायला गेले. त्या संध्याकाळी ती काहीतरी बडबडत होती, नेहमीसारखी, आणि ते ओरडले होते, “या घरात एक मिनिट शांतता नाही.” मग बॅग भरली. तेव्हापासून ती बोलत नाही. घर शांत राहिलं तर ते परत येतील. आई न्हाणीघरात नळ सोडून रडते. तिला काही सांगितलं तर ती आणखी रडेल. झोप येत नाही. आणि मग म्हणाली, “कधी कधी वाटतं, झोपावं आणि सकाळी उठूच नये.”

समुपदेशकाने एकदा सांगितलं होतं, अशा वेळी आडून विचारायचं नाही, सरळ विचारायचं. त्याने काही वाईट होत नाही. तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आज विचारलं, “स्वतःला काही करून घ्यावं, असं वाटतं का?”

“अजून नाही,” म्हणाली.

अजून. हा शब्द घेऊन मी घरी आले आहे.

मी तिला सांगितलं की हे मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, पण कुणाला आणि कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. आणि हेही की बडबडीमुळे कुणाचे वडील घर सोडत नाहीत. तसं असतं तर माझ्या बहिणीने आख्खं गाव रिकामं केलं असतं. ती हसली नाही, पण तिने माझ्याकडे पाहिलं. घंटा झाली. मला नववीवर तास होता. मी गेले नाही. मोठ्या बाई दारातून डोकावल्या, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता नववीवर स्वतः गेल्या.

समुपदेशक तासाभरात आली. आई आली. संध्याकाळपर्यंत तिला एकटं सोडलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काल डॉक्टरांकडे नेलं. काल वडीलही शाळेत आले. मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते, समोर लेक आणि मध्ये समुपदेशक. मी बाहेर होते. आत काय बोलणं झालं माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला म्हणाले, “मी काय बोलून गेलो ते मला आठवतसुद्धा नव्हतं, बाई.” घरी परत जाणार नाहीत, ते दोघा नवराबायकोंचं आहे. पण दर बुधवारी आणि रविवारी लेकीला घ्यायला येणार आहेत.

आज मी कितीजणांचे आभार मानू? ते पान उलटायला लावणाऱ्या पोरीचे. शिपाईकाकांचे. न विचारता नववीवर गेलेल्या मोठ्या बाईंचे. अपूर्णांक न येणाऱ्या आठवी ब चे सुद्धा, कारण त्यांची रांग लागली नसती तर मी मधल्या सुट्टीत कुठेतरी कोपऱ्यात तोंड लपवून बसले असते आणि तिला सापडलेच नसते.

सोमवार, ३ मार्च

मोठ्या बाईंना वरच्या बैठकीत सांगायचं आहे, या तासिकेतून निष्पन्न काय झालं.

“काय सांगू?” त्यांनी विचारलं.

“काही घडलं नाही, असं सांगा.”

त्या हसल्या. “ते लोक म्हणतील, मग कशाला चालवायची?”

“काही घडू नये म्हणूनच तर,” मी म्हटलं. मग मी म्हटलं की पुढच्या वर्षी आठवी अ लाही लावा, माझा शुक्रवारचा शेवटचा तास मोकळा आहे. त्यांनी पुन्हा चष्मा काढला. या चष्मा काढतात तेव्हा मला काय वाटतं ते इथे लिहिणार नाही.

मुलगी शाळेत येते. काही दिवस बरे, काही नाही. परवा रडून डोळे सुजलेले होते, पण तशीच आली आणि आल्या आल्या माझ्याकडे येऊन सांगितलं, आज बरं नाही वाटत. मी म्हटलं, बस इथे. एवढंच.

अपूर्णांकांचे जादा तास जाहीर केले. एकही जण आला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मात्र पुन्हा वही घेऊन उभे. या पिढीचं काही समजत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आज तिची आई भेटायला आली. कामावरून परस्पर आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. शिक्षकखोलीत कुणी नव्हतं. आम्ही समोरासमोर बसलो. ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

“आभार मानायला आले होते,” ती म्हणाली. “रस्त्यात काय काय ठरवलं होतं, आता काहीच आठवत नाहीये.”

“राहू दे,” मी म्हटलं.

मग तिने सांगितलं. काल रात्री भांडी आवरताना लेक शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, आई, तुझं नाव मी जानेवारीतच लिहिलं होतं, पण तुला विचारायचं राहिलं. लिहू का? “आणि बाई, मला हो म्हणता येईना. वाटलं, मी कसली मदत करणार हिला? मला स्वतःला धड उभं राहता येत नाहीये. मी अशीच उभी, हात साबणाचे. शेवटी तीच म्हणाली, आई, तू नुसतं हो म्हण. बाकी आपण बघू.”

“मग?”

“म्हटलं हो.”

बाहेर मुलं पायऱ्यांवरून धडाधड उतरत होती. आज कुणालाही ओरडावंसं वाटलं नाही. या मुलीने आपल्या आईला उभं केलं. मी तिला फक्त एक पान शिकवलं होतं, तेही उशिरा आणि चुकीच्या क्रमाने. किती थोडं केलं मी, आणि किती मोठं मिळालं. असं दान मला कुणी दिलेलं नाही.

जायला उठली तेव्हा तिने विचारलं, “बाई, ती सांगत होती, तुम्हीही फळ्यावर हात काढला होता. तुमची बोटं भरली का?”

“तीन रिकामी आहेत,” मी म्हटलं.

“मग कुणाला विचारलं नाहीत?”

सत्तावीस वर्षं मी प्रश्न विचारते आहे. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायची मात्र सवय नाही. खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिले आणि तिला विचारलं, तुझं लिहू का?

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणाली. मग आम्ही एकमेकींचे फोन नंबर घेतले, आणि मी नववीच्या तासाला उशिरा गेले.